बाग थोडी विस्कटू द्या

बागेत पक्षी यावेत असं मनात आलं की माणूस पहिल्यांदा दुकानात जातो आणि दाणे ठेवायचा प्लास्टिकचा टांगता डबा घेऊन येतो. त्यात बाजरी आणि तांदळाची कणी भरायची, गॅलरीच्या गजाला अडकवायचा आणि वाट बघायची. पक्षी येतात, नाही असं नाही. पण येतात ती कबुतरं. मग त्यांचे सगेसोयरे येतात, एसीच्या मागे काड्या जमतात, खालच्या मजल्यावरच्या काकू वाळत घातलेली चादर दाखवायला वर येतात आणि डबा माळ्यावर जातो. मुंबईत 2025 मध्ये कबुतरखान्यांवरून एवढं रण पेटलं ते काही उगाच नाही. कबुतरांच्या सुकलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासावाटे जात राहिली तर काहींची फुप्फुसं कायमची दुखावतात.

म्हणून दाण्यापासून सुरुवात करू नका. आपल्या बागांत येणाऱ्या पक्ष्यांत मुख्यतः दाण्यावर जगणारे थोडेच: मुनिया, होला, कबुतर आणि चिमणी. दयाळ, शिंपी, नाचण, वटवट्या यांना किडे-अळ्या लागतात, शिंजिराला फुलातला मध, तर बुलबुल, तांबट आणि कोकिळाला फळं. चिमणीसुद्धा पिलांना पहिले काही दिवस अळ्या आणि मऊ किडेच भरवते. आता आपल्या नीटनेटक्या बागेकडे बघा. हिरवळ कातरलेली, पाचोळा पोत्यात भरून कचऱ्याच्या गाडीत गेलेला, जास्वंदीवर मावा दिसला की लगेच फवारणी, आणि कुंपणाला अशी शोभेची झुडपं की ज्यांना ना फळ ना मध. अशा ठिकाणी पक्ष्यानं यावं कशासाठी? बागेत पक्षी आणायचे तर कामं वाढवावी लागत नाहीत, कमी करावी लागतात. कमी झाडा, कमी छाटा, फवारणी बंद करा. वाढवायचं ते पाणी.

आधी पाणी

मातीचं पसरट परळ किंवा मोठ्या कुंडीखालची ताटली पुरते. खोली दीड-दोन इंचांहून जास्त नको, कारण पक्षी पाण्यात उभा राहून अंघोळ करतो. मधोमध एक खडबडीत दगड ठेवा आणि त्याचा माथा पाण्याबाहेर राहू द्या. चिनी मातीची गुळगुळीत भांडी दिसायला छान असतात, पण तळ निसरडा असला की पक्षी उतरायला कचरतात. भांडं सावलीत असावं, तरी झुडपाला अगदी चिकटून नको. पाच-सहा फुटांचं अंतर ठेवलं की मांजराला दबा धरून एका उडीत झडप घालता येत नाही, आणि पिसं भिजलेल्या पक्ष्याला फांदी गाठायलाही फार उडावं लागत नाही. जागा असेल तर एक भांडं छातीच्या उंचीवर आणि एक जमिनीवर ठेवा. जमिनीवरच्या भांड्याला खार, सरडा, भेक आणि नशीब जोरावर असेल तर मुंगूसही हजेरी लावतो. आळीत मांजरं फार असतील तर मात्र वरच्या एका भांड्यावरच भागवा.

डेंगीची भीती रास्त आहे, तेव्हा हे नीट समजून घ्या. एडिस डासाची मादी अंडी घालते ती भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर. ती अंडी चिकटून बसतात आणि भांडं कोरडं पडलं तरी महिनोन्‌महिने तग धरतात. नुसतं पाणी ओतून देणं त्यामुळे पुरेसं नाही. दर दोन दिवसांनी पाणी बदला आणि नारळाच्या शेंडीनं कडा खरवडून घासा. अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर तरी लागतो. तुम्ही त्याच्या आतच भांडं घासत राहिलात तर प्रश्नच उरत नाही. साबण वापरू नका.

एक युक्ती फार गुणाची आहे. जुन्या माठाला तळाशी बारीक भोक पाडून त्यात कापडाची वात घाला आणि तो परळाच्या वर टांगा. टप्‌टप्‌ पडणाऱ्या थेंबांचा आवाज आणि पाण्याची हालचाल पक्ष्यांना लांबून कळते. स्थिर पाण्याकडे न फिरकणारे चष्मेवाले आणि नाचण अशा जागी उतरतात. मार्च ते मे या महिन्यांत, ऊन चढल्यावर आणि पुन्हा चारच्या पुढे, अशा भांड्यासमोर बसून बघा. सातभाई आले तर घोळक्यानंच येतात. बाकीचे पाणी उडवत असतात तेव्हा एखादा वरच्या फांदीवर बसून पहारा देतो. मधमाश्याही येतील. त्या बुडू नयेत म्हणून दोन-चार काड्या पाण्यावर आडव्या टाकून ठेवा.

पाचोळा, सुकी फांदी, बांडगूळ

बागेचा एक कोपरा, चार बाय चार फुटांचा का होईना, झाडूपासून वाचवा. सोसायटीत राहत असाल तर हे काम सर्वांत अवघड, कारण पाचोळा म्हणजे अस्वच्छता हे समीकरण सभेत कुणाच्याही डोक्यातून निघत नाही. मी तर म्हणेन, त्या कोपऱ्याला ‘कंपोस्ट’ अशी पाटी लावून टाका. तीच पानं मग कुणाला खुपत नाहीत. ओलसर पाचोळ्याखाली गांडुळं, गोमी, वाळवी, भुंगेऱ्यांच्या अळ्या, गोगलगाई वाढतात. दयाळ एकटा येऊन शेपटी वर करून उड्या मारत टिपतो, सातभाई एकेक पान उलटून बघतात. पावसाळ्यात कोवळी रोपं फस्त करणाऱ्या आफ्रिकन गोगलगाईंचा जिथे सुळसुळाट आहे तिथे भारद्वाज आवर्जून फिरतो, कारण त्या त्याच्या खाद्यात आहेत. त्या गोगलगाईंसाठी विषारी गोळ्या टाकाल तर भारद्वाजही गमवाल. उंदरांच्या विषाचंही तेच. विष खाऊन सुस्तावलेला उंदीर सर्वांत आधी गव्हाणी घुबडाच्या किंवा पिंगळ्याच्या पंजात सापडतो.

झाडाची सुकलेली फांदी माणसांच्या डोक्यावर, गाडीवर किंवा तारांवर पडण्यासारखी नसेल तर राहू द्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये भर दुपारी ‘टुक्‌ टुक्‌ टुक्‌’ असा एका लयीत चाललेला आवाज ऐकू येतो तो तांबटाचा. शेवगा, गुलमोहर यांच्यासारख्या मऊ लाकडाच्या मेलेल्या फांदीत तो ढोली कोरतो, आणि तिरक्या फांदीच्या खालच्या अंगाला कोरतो, म्हणजे पाऊस आत जात नाही. जमिनीवर ताजा भुसा पडलेला दिसला की मान वर करून बघायचं. तांबटानं सोडलेल्या ढोलीत पुढे इतर पक्षीही बिऱ्हाड करतात.

झाडं नव्यानं लावायची असतील तर एकाच झाडाचं नाव घेईन: तुती. कुंपणालगत, निकस जमिनीतही येते, छाटली तरी फुटते, आणि फळ धरलं की बुलबुल, कोकीळ, साळुंक्या, चष्मेवाले, खारी यांची रांग लागते. घरातल्या मुलांनाही उरतात. मोठी जागा असेल तर उंबराला पर्याय नाही. पांगारा आणि काटेसावरही लावा. लहान जागेत अडुळसा, जास्वंद, हमेलिया शिंजिरांसाठी आणि कढीपत्ता बुलबुल-कोकिळांसाठी. कढीपत्त्याला काळी फळं धरतात ती तोडून टाकू नका.

आंब्यावरच्या बांडगुळाबद्दल माझं मत बागायतदारांना पटणार नाही. बांडगूळ झाडाचा रस शोषतं, फांदी दुबळी करतं, हे सगळं खरं. तरी घरच्या आंब्यावर एखादा झुपका राहू द्यावा. त्याच्या नळीसारख्या फुलांवर शिंजीर येतात, आणि फळांवर येतो तो फुलटोच्या. भारतातल्या सर्वांत लहान पक्ष्यांपैकी हा एक, जेमतेम 8 सेंटिमीटरचा, मातकट रंगाचा, ‘चिक्‌ चिक्‌’ करत सदा घाईत. तो बांडगुळाचं फळ अख्खं गिळतो. थोड्याच वेळात बी बाहेर येतं, पण त्याला असा चिकट लगदा असतो की ते शेपटीखाली चिकटून राहतं. मग फुलटोच्या फांदीवर बसून मागचं अंग घासतो आणि बी फांदीला चिकटतं. नवं बांडगूळ उगवतं ते तिथेच. बांडगुळाच्या फळांच्या दिवसांत दुर्बीण घेऊन अर्धा तास बसलं तर हा सगळा व्यवहार बघायला मिळू शकतो. बाकीचे झुपके खुशाल काढा.

कढीपत्त्यावरची अळी

ज्यांच्याकडे गॅलरी आहे, बाग नाही, त्यांनी निराश व्हायचं कारण नाही. एक कुंडी कढीपत्त्याची आणि एक लिंबाची, एवढ्यावर कॉमन मॉरमॉन आणि लाइम ही दोन मोठी फुलपाखरं चौथ्या-पाचव्या मजल्यावरही येतात. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू असलेलं ब्लू मॉरमॉनही लिंबाच्या कुळातल्याच झाडांवर वाढतं, फक्त त्याला आसपास झाडी जास्त लागते. मादी येते तेव्हा तिला ओळखणं सोपं असतं. फुलाकडे ढुंकून न पाहता ती कोवळ्या पालवीभोवती घुटमळते, पायांनी पान चाचपते आणि पोटाचं टोक वाकवून एकेक गोल, मोहरीहून बारीक अंडं चिकटवत जाते.

अंड्यातून निघालेली अळी तपकिरी-पांढरी, हुबेहूब चिमणीच्या विष्ठेचा ठिपका. शत्रूनं ढुंकूनही बघू नये असा तो वेष. तीन-चार वेळा कात टाकल्यावर शेवटच्या टप्प्यात ती अचानक पानासारखी हिरवी होते आणि डोक्यामागे डोळ्यांसारखे दोन ठिपके उमटतात. आता काडीनं तिला हलकेच डिवचा. डोक्यामागून दुभंगलेलं, रंगीत, ओलसर शिंग बाहेर येईल आणि उग्र वास सुटेल. क्षणात ते आत जातं. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा सगळा प्रवास साधारण महिनाभरात उरकतो. तेवढ्यात झाडाची पन्नास-साठ पानं जातील; आमटीला बाजारातून कढीपत्ता आणावा.

इतर झाडांचे ठरलेले गिऱ्हाईक असे: पानफुटीवर रेड पिएरो, रुईवर प्लेन टायगर, कण्हेरीवर कॉमन क्रो, कृष्णकमळाच्या वेलावर टॉनी कोस्टर, सीताफळावर आणि रस्त्याकडेच्या उंच सरळसोट अशोकावर टेल्ड जे, बहाव्यावर पिवळी-पांढरी एमिग्रंट. पानं कुरतडलेली दिसली की औषधाच्या बाटलीकडे हात न नेता पान उलटून बघायची सवय लावा. निंबोळी तेल ‘नैसर्गिक’ म्हणून बिनदिक्कत फवारलं जातं, पण अळीला ते नैसर्गिक आहे याचं काही सुख नसतं.

बसायचं कुठे, बघायचं काय

सकाळी उजाडल्यानंतरचे दोन तास सर्वांत चांगले. तेवढा वेळ कुणाला नसतो हेही खरं. म्हणून रोज पंधरा मिनिटं, एकाच जागी, एकाच वेळी बसा. चहा तिथेच घ्या. फिकट, मातकट कपडे बरे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हात उचलून दाखवणं आणि एकदम उभं राहणं टाळा. रोज तिथेच दिसणाऱ्या माणसाची दखल घेणं पक्षी काही दिवसांत सोडून देतात.

अनोळखी पक्षी दिसला की आधी रंगाच्या मागे लागू नका. सावलीत रंग फसवतात. आकार ठरवा: चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा? मग चोच बघा. आखूड आणि जाड असेल तर दाणे फोडणारा, बारीक सरळ असेल तर किडे टिपणारा, लांब बाकदार असेल तर मध पिणारा. मग शेपटी आणि चाल: उड्या मारतो की पावलं टाकतो, शेपटी वर-खाली करतो, पंख्यासारखी उलगडतो की थरथरवतो? एवढ्यावर निम्म्या पक्ष्यांचा निकाल लागतो. नर-मादीत आणि ऋतूऋतूंत फरक असतो हे लक्षात ठेवा. जांभळा शिंजीर विणीच्या दिवसांत काळा-जांभळा झळकतो, पण नंतर तोच नर पोटाकडून पिवळसर होतो आणि गळ्यापासून खाली एक काळी रेघ तेवढी राहते. कोकीळ काळा आणि लाल डोळ्यांचा. त्याची मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके. हे दोन वेगळे पक्षी म्हणून वहीत लिहिलेले मी कितीतरी वेळा पाहिले आहेत.

दुर्बीण घ्यायची असेल तर 8×42 किंवा 8×40 घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. 10, 12 पटींच्या मोहात पडू नका. हात हलतो आणि दिसणारं क्षेत्र लहान होतं. बागेसाठी आणखी एक गोष्ट दुकानातच तपासा: दोन मीटरवरची वस्तू तिच्यातून स्पष्ट दिसते का? बऱ्याच दुर्बिणी चार-पाच मीटरच्या आत काहीच दाखवत नाहीत, आणि आपलं फुलपाखरू तर हाताच्या अंतरावर असतं. वापरताना पक्ष्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा. आधी दुर्बीण लावून मग झाड धुंडाळलं तर तोवर पक्षी गेलेला असतो.

कान मात्र दुर्बिणीहून जास्त दाखवतात. खार एका जागी शेपटी झटकत न थांबता ‘चिर्रक्‌ चिर्रक्‌’ करायला लागली, त्यात बुलबुल सामील झाले, सातभाईंनी गोंगाट उठवला, की हातातलं काम टाकून उठा. त्यांचे सगळ्यांचे डोळे एकाच जागेवर लागलेले असतात. तिथे बघितलं तर पानांत बसलेला शिक्रा, ढोलीतून डोकावणारा पिंगळा, फांदीवर चढलेली धामण किंवा भिंतीवरचं मांजर, यांपैकी कुणीतरी निघतंच. या कलकलाटाच्या दिशेनं जायची सवय लागली की आपल्या बागेत किती जण येऊन जातात याचा अंदाज येतो.

नावं जमवण्यापेक्षा एखाद्याच पक्ष्याचा पिच्छा पुरवा असं मी सांगेन, आणि तो शिंपी असावा. चिमणीहून लहान, पाठ हिरवट, डोक्यावर तांबूस टोपी, शेपटी उभी. आवाज मात्र अंगाच्या मानानं दांडगा. पावसाळ्यात त्याची वीण भरात असते. त्या काळात नराच्या शेपटीची मधली दोन पिसं लांब होतात, त्यावरून जोडी ओळखता येते. मादी रुंद पानाचं झुडूप निवडते; वांगं, भेंडी, अंजीर, कुंडीतलं शोभेचं झाडही चालतं. पानाच्या दोन्ही कडा जवळ आणून चोचीनं कडेला बारीक भोकं पाडते आणि त्यांतून कोळ्याचं जाळं, कापूस किंवा झाडाचा तंतू ओवते. बघण्यासारखं पुढेच आहे. ती गाठ मारत नाही. भोकातून ओढलेल्या धाग्याचं टोक बाहेरच्या बाजूला फुलून जाड होतं आणि तिथेच अडकतं. प्रत्येक टाका असा सुटा असतो. पानाच्या त्या पिशवीत कापसाची गादी घालून ती अंडी घालते. साधारण 12 दिवसांनी पिलं निघतात आणि आणखी दोन आठवड्यांत उडून जातात. पान झाडालाच असल्यामुळे हिरवंच राहतं आणि घरटं शेजारी असून दिसत नाही. तुम्हाला ते सापडेल तेव्हा दहा-बारा फुटांवरून बघा. नीट दिसावं म्हणून आडवी येणारी फांदी वाकवू नका, वाकवलीत तर तुमच्याबरोबर कावळ्यालाही दिसेल. मोबाइल आत घालून पिलांचे फोटो काढणं तर नकोच. मोबाइलवर त्याच पक्ष्याची शीळ वाजवून त्याला बोलावणारे हौशी लोक असतात; विणीच्या काळात तो बिचारा प्रतिस्पर्धी शोधण्यात दिवस घालवतो.

पाहुण्यांचं वेळापत्रक

वर्षभर तेच ते पक्षी दिसतात अशी तक्रार करणाऱ्यांनी सप्टेंबरपासून सावध राहावं. पाऊस ओसरत असताना करडा धोबी येतो, ओल्या जमिनीवर शेपटी हलवत चालतो. पाठोपाठ थिरथिरा, नर काळपट, पोट आणि शेपटी नारिंगी, कुंपणावर बसून शेपटी थरथरवणारा. आमराईच्या सावलीत लाल छातीचा माशीमार हिवाळाभर ठरलेल्या चार फांद्या धरून राहतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पांगारा आणि काटेसावर फुलली की भोरड्यांचे थवे उतरतात. गुलाबी अंग, काळं डोकं आणि बोलणं अखंड. एप्रिलच्या अखेरीपर्यंत ही सगळी मंडळी हिमालयाकडे आणि त्याच्याही पलीकडे परत गेलेली असतात.

मेच्या शेवटी उलट दिशेची वर्दळ सुरू होते. आफ्रिकेकडून चातक येतो, दक्षिणेकडून नवरंग विणीसाठी महाराष्ट्रात येतो. नवरंग रात्रीचा प्रवास करतो आणि शहरात हमखास चुकतो; पावसाच्या तोंडावर गॅलरीत, पार्किंगमध्ये थकून बसलेला हिरवा-निळा-लाल पक्षी सापडला तर बहुधा तोच असतो. त्याला पुठ्ठ्याच्या, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात शांत ठेवा. चोच उघडून पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. काही तासांत तरतरी आली तर संध्याकाळी झाडीजवळ सोडा, नाही तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

काच, पिलं, मांजा आणि साप

मोठ्या काचेत झाडाचं प्रतिबिंब पडतं आणि पक्षी त्या खोट्या झाडाकडे झेपावतो. घारीचा एखादा स्टिकर लावून काही होत नाही. काचेवर बाहेरच्या बाजूनं दोन-दोन इंचांवर ठिपके किंवा दोऱ्या हव्यात. गाडीच्या आरशावर शिंजीर किंवा दयाळ चोची मारत असेल तर तो स्वतःलाच वैरी समजून लढतोय. विणीचा काळ संपेपर्यंत आरशावर जुना मोजा चढवा.

पिसं फुटलेलं, उडता न येणारं पिलू जमिनीवर दिसलं तर ते अनाथ आहे असं समजू नका. बहुतेक पक्ष्यांची पिलं घरट्यातून निघाल्यावर दोन-चार दिवस अशीच खाली-वर धडपडतात आणि आई-बाप जवळूनच भरवतात. मांजर-कुत्र्याचा धोका असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा आणि लांब व्हा. उघडंबोडकं पिलू असेल तर परत घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला की आई पिलाला टाकते ही समजूत खोटी आहे. घरी नेऊन पाळायचं मनात आणू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं पोपटासह आपल्या देशी रानपक्ष्यांना पाळणं गुन्हा आहे.

संक्रांत झाली की लगेच झाडांत, तारांत अडकलेला मांजा काठीनं काढून, तुकडे करून टाका. नायलॉनच्या मांज्यावर बंदी आहे, पण तो झाडांत सापडतोच आणि वटवाघळं, घुबडं त्यात महिन्यांनंतरही अडकतात.

पाचोळा ठेवा म्हटलं की साप येतील हा प्रश्न येतोच. उंदीर आणि बेडूक असतील तिथे साप येऊ शकतो, म्हणून पाचोळ्याचा कोपरा घराच्या भिंतीपासून आणि मुलं खेळतात तिथून लांब ठेवा, विटा-लाकडांचा ढीग दाराशी रचू नका, रात्री बॅटरीशिवाय बागेत जाऊ नका. बागेत दिसणारे नानेटी, धामण, कवड्या हे बिनविषारी. कवड्या आणि मण्यार यांत मात्र गोंधळ होतो आणि तो जिवावर बेतू शकतो. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे बारीक पांढरे, बहुधा जोडीनं असलेले पट्टे मानेकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक असतात. ही ओळख लांबून बघण्यापुरती. खात्री करायला जवळ जायचं नाही, सर्पमित्राला बोलवायचं. दंश झाला तर आवळपट्टी बांधणं, कापणं, चोखणं यांत वेळ न घालवता 108 लावून किंवा मिळेल त्या गाडीनं थेट रुग्णालय गाठा. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखत नाही, म्हणून थांबून बघू असं कधीही करू नका.

वही

एक साधी वही करा. तारीख, वेळ, हवा, पक्षी, किती, कोणत्या झाडावर आणि काय करत होता. शेवटची नोंद सर्वांत मोलाची. ‘बुलबुल 2’ यापेक्षा ‘बुलबुल 2, कढीपत्त्याची फळं खात’ हे लिहिलं की वर्षभरानं तुमच्याच बागेचं खरं कॅलेंडर हाती येतं: थिरथिरा यंदा कधी आला, तांबट कधी बोलायला लागला, पहिला चातक पावसाच्या किती दिवस आधी. नावांसाठी मारुती चितमपल्लींचा पक्षिकोश जवळ ठेवा, कारण एकाच पक्ष्याला कोकणात, देशावर आणि विदर्भात वेगवेगळी नावं आहेत. मर्लिन हे मोफत अॅप आवाजावरून पक्षी सुचवतं. त्यानं सुचवलेला पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत वहीत पेन्सिलीनंच लिहा.

हीच नोंद ई-बर्डवर टाकली तर ती अभ्यासकांच्याही कामी येते. अशाच हौशी लोकांच्या नोंदींवर उभा राहिलेला ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ हा अहवाल 2020 मध्ये निघाला. चिमण्या देशभर बऱ्यापैकी टिकून आहेत, पण मोठ्या महानगरांत कमी होत चालल्या आहेत, असं त्यात दिसलं. चिमण्या संपल्या, असं सरसकट म्हणणाऱ्यांना ते अनपेक्षित होतं. सुरुवात करायला दोन मुहूर्त चांगले. चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात, आणि फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असतो; भारतात तो 2013 पासून होतो. त्यात निदान पंधरा मिनिटं एका जागी बसून दिसलेले सगळे पक्षी मोजायचे असतात. सगळे म्हणजे कावळे आणि कबुतरंसुद्धा. नवखे लोक तीच गाळतात आणि नेमका एक धनेश लिहून यादी पाठवतात. अशा यादीवरून त्या बागेत कावळे नव्हते की मोजलेच नाहीत, हे कुणाला कळत नाही.